नाव सर्वात शेवटी

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. त्याच्यानंतर इंग्लंडचा एकही राजा रणांगणावर पडलेला नाही. जिंकलेल्या हेन्री ट्यूडरच्या माणसांनी त्याचे उघडे प्रेत घोड्यावर आडवे टाकून लेस्टर शहरात आणले, लोकांना दाखवले आणि ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये घाईने पुरले. १५३८ मध्ये तो मठ बंद झाला, इमारती पाडल्या गेल्या. राजाची हाडे सोअर नदीत फेकून दिली अशी कथा पुढे रूढ झाली. २०१२ मध्ये त्याच जागेवरच्या एका मोटारतळाचे डांबर फोडून पुरातत्त्वज्ञांनी चर खणले आणि पहिल्याच दिवशी माणसाच्या पायाची हाडे दिसली. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी लेस्टर विद्यापीठाने हा सांगाडा रिचर्डचाच असल्याचे जाहीर केले. त्याच संध्याकाळी ब्रिटनच्या चॅनल फोरने ‘रिचर्ड द थर्ड : द किंग इन द कार पार्क’ हा माहितीपट दाखवला.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवते. शिकवण्याबरोबर शवविच्छेदनाची पाळी असते, कोर्टात साक्षीला जावे लागते आणि पोलीस हाडे घेऊन आले की ती तपासून अहवाल द्यावा लागतो. हाडांचा पाठ आला की हा माहितीपट मी मुलांना दाखवते. तो सलग मात्र चालू देत नाही. मध्येच थांबवते आणि विचारते, “या घटकेला आपल्याला काय माहीत आहे?” मुले उत्साहाने सांगतात, राजा सापडला. मी पुन्हा विचारते. मग हळूहळू उत्तरे खाली येतात : माणूस आहे. प्रौढ आहे. चर्चच्या ज्या भागात वेदीजवळ मानाच्या माणसांना पुरत तिथे आहे. खड्डा आखूड आहे, डोके नीट टेकलेले नाही, पेटी नाही. पाऊले नाहीत. एवढेच. एवढेच म्हणायला शिकणे हा आमच्या विषयातला सर्वात अवघड धडा आहे, आणि तो शिकवायला मला या माहितीपटाइतके चांगले साधन दुसरे मिळालेले नाही. गंमत अशी नाही की तो माहितीपट हा धडा देतो. उलट त्याला घाई आहे. त्याला राजा हवा आहे. त्या घाईच्या आत काही माणसे शांतपणे आपले काम करताना दिसतात, त्यांच्याकडे मला मुलांचे लक्ष वळवायचे असते.

या शोधामागची खरी ऊर्जा फिलिपा लँगली या लेखिकेची. रिचर्डची बदनामी ट्यूडरांनी केली, शेक्सपिअरच्या नाटकाने ती जगभर पोचवली, अशी तिची ठाम धारणा. पैसे उभे करणे, नगरपालिकेला राजी करणे, विद्यापीठाला सोबत घेणे हे तिने वर्षानुवर्षे केले. तिच्या श्रद्धेविना ते चर खणलेच गेले नसते, हे मी मुलांना आवर्जून सांगते. पण हाडे उचलून न्यायची वेळ आली तेव्हा पुठ्ठ्याच्या पेटीवर राजाचा ध्वज पांघरला गेला आणि जॉन अॅशडाउन-हिल या इतिहासकाराने ती पेटी गाडीपर्यंत नेली. त्या वेळी प्रयोगशाळेत एकही चाचणी सुरू झालेली नव्हती. मी इथे हमखास थांबते. आमच्याकडे हाच ध्वज वेगळ्या रूपात येतो. पोलिसांच्या पत्रात लिहिलेले असते, “अमुक गावातून बेपत्ता झालेल्या अमुक इसमाची हाडे तपासणीसाठी पाठवीत आहोत.” नाव आधीच घातलेले असते. ते वाचल्यावर हाडात तेच दिसू लागते : वय थोडे अलीकडे-पलीकडे करून बसवले जाते, उंची जुळवून घेतली जाते. माझ्या गुरूंनी शिकवलेली पद्धत मी अजून पाळते. पत्र सहकाऱ्याकडे द्यायचे, गोणपाट आपण उघडायचे, मोजमापे लिहून सही करायची, आणि मगच पत्र वाचायचे.

पोलिसांचे प्रश्न ठरलेले असतात. हाडे माणसाची आहेत का? एकाची की अनेकांची? स्त्री की पुरुष? वय किती? उंची किती? मरून किती काळ झाला? मरणाचे कारण सांगता येईल का? पहिल्या प्रश्नाला हसू नका, असे मी मुलांना बजावते. विहिरीचा गाळ काढताना, घराचा पाया खणताना निघालेली हाडे कितीदा तरी बकऱ्याची, वासराची असतात, आणि एका साध्या उत्तराने एखाद्या वस्तीवरचे संशयाचे सावट उठते.

लेस्टरच्या सांगाड्याकडे जो अॅपलबी ही अस्थितज्ज्ञ नेमक्या याच क्रमाने गेली. माकडहाडाच्या वर कटीच्या हाडांची ठेवण पुरुषाची होती, पण एकूण बांधा नाजूक, बायकी म्हणावा असा. असे सांगाडे फसवतात. कवटीवरून एक उत्तर, कटीवरून दुसरे. अशा वेळी कटीचे ऐकावे, कारण बाळंतपणासाठी बदललेली ती जागा आहे. कवटी माणसाच्या बांध्यानुसार बदलते. वय आले विशीच्या शेवटापासून तिशीच्या शेवटापर्यंत. मुलांना हा पट्टा फार रुंद वाटतो. त्यांना ३२ हवे असते. पण पंचविशी ओलांडल्यावर हाड वाढत नाही, ते झिजते, आणि झीज कामावर, खाण्यावर, आजारपणावर अवलंबून असते. गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक विशीच्या उत्तरार्धात केव्हातरी जुळते. त्यानंतर नेमके वर्ष सांगणारा तज्ज्ञ कोर्टात उलटतपासणीला टिकत नाही. उंचीचेही तेच. मांडीच्या हाडावरून उंची काढायची सूत्रे मोजलेल्या लोकांच्या गटावरून बनलेली असतात. गोऱ्या सैनिकांच्या मापावरून बनलेले सूत्र आपल्या ऊसतोड कामगाराला लावले तर तो अहवालात उंच होतो, आणि त्याच्या घरचे म्हणतात, हा आमचा नव्हे.

मग येतो पाठीचा कणा. हाडे टेबलावर क्रमाने मांडली तेव्हा तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला दिसला. लँगलीला हा मोठा धक्का होता, कारण राजाला कुबड होते ही तिच्या मते निव्वळ बदनामी होती. पडद्यावर तिची घालमेल दिसते. मला ती खोटी वाटत नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षे भांडलो त्याच्याबद्दल शत्रूने सांगितलेले काही खरे निघणे हे सोसायला जड असते. पण हाडाने दोन्ही बाजूंना थोडे थोडे नाकारले. कणा बाजूला वळलेला होता, पुढे वाकलेला नव्हता. म्हणजे एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसला असेल. नाटकातले कुबड नव्हते, वाळलेला हातही नव्हता. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात जिवंतपणीचा हा बाक ६५ ते ८५ अंशांचा असावा असे गणित मांडले आहे. तो जन्मजात नव्हता, दहाव्या वर्षानंतर वाढत्या वयात आला होता. नीट शिवलेल्या कपड्यांत आणि मापाच्या चिलखतात तो फारसा जाणवला नसता. मला या कण्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाटते. रिचर्डचा एक खांदा वर होता असे त्याच्या काळात लिहिले गेले होते, आणि ते लिहिणाऱ्याला हे हाड कधीच दिसलेले नव्हते. कण्याची मापे हाडावरूनच घेतली, त्या लेखावरून नाही. दोन साक्षीदारांनी एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट सांगितली की न्यायाधीश कान देतो.

जखमांबाबत माहितीपट बराच वेळ देतो, आणि ते योग्यच आहे. पुढे ‘लॅन्सेट’मधल्याच दुसऱ्या अभ्यासात मरणाच्या सुमारास झालेल्या ११ जखमा नोंदवल्या गेल्या. ९ कवटीवर, एक बरगडीवर, एक कटीवर. कवटीच्या तळाशी दोन मोठे घाव. त्यातला एकेक जीव घ्यायला पुरेसा. डोके उघडे होते, म्हणजे शिरस्त्राण गेले होते. हातांवर, बाहूंवर अडवल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिथे चिलखत होते. आणि कटीवरचा घाव मागून, खालून, चिलखत असते तर पोचलाच नसता असा. तो मेल्यानंतर, प्रेत घोड्यावर टाकलेले असताना अपमान म्हणून मारला असावा असे त्या अभ्यासकांना वाटते. मरणाच्या वेळची तूट आणि नंतरची तूट ओळखायला मी मुलांना बोटाने कड चाचपायला लावते. ओल्या हाडाची कड गुळगुळीत आणि तिरकी तुटते, तिचा रंग बाकी हाडाइतकाच मुरलेला असतो; शंभर वर्षांनी कुदळ लागली तर कड खरबरीत आणि आतून पांढरी असते. जी जखम भरून आली आहे ती मेलेल्याची नव्हे, जगलेल्याची असते. पुढे एका सांगाड्याबाबत मला हेच उपयोगी पडणार होते.

डीएनए येण्याआधी एक पायरी आहे, तिच्याकडे माहितीपट भरभर पाहतो. रेडिओकार्बन चाचणीचा पहिला निकाल रिचर्डच्या मृत्यूपेक्षा थोडा आधीचा आला. घाईतल्या माणसाने इथे एक तर आशा सोडली असती किंवा निकाल बाजूला ठेवला असता. पण हाडातल्या रसायनांवरून दिसले की हा माणूस मासे आणि इतर समुद्री अन्न भरपूर खात असे. समुद्रातला कार्बन जुना असतो, तो खाणाऱ्याच्या हाडात उतरतो आणि हाड आहे त्यापेक्षा जुने भासते. ती दुरुस्ती केल्यावर काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत सरकला. कोकणातल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे ऐकून फार आनंद होतो. समुद्राकाठच्या माणसाचे हाड वेगळे बोलते हे त्यांना घरचे वाटते.

इथवर आले की वर्गातून कोणीतरी विचारतेच, “मॅडम, जागा जुळली, वय जुळलं, पाठ जुळली, जखमा जुळल्या, काळ जुळला. मग डीएनए कशाला?” तेव्हा मी त्यांना पानिपतावर नेते.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळनंतर सदाशिवरावभाऊंचे काय झाले हा प्रश्न होता. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवलेला वृत्तान्त माझ्या विषयाच्या दृष्टीने अमूल्य आहे. प्रेतांच्या राशीत एक मुंडके नसलेले धड सापडले. ते भाऊंचे असे ठरवताना खुणा पाहिल्या गेल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर जुन्या जखमेचा वण, मुजफ्फरखानाने कट्यार मारली होती तिचा, तळपायावर शुभ मानली जाणारी रेषा. शिवाय भाऊ रोज १,२०० सूर्यनमस्कार घालत, आणि त्या प्रेताच्या गुडघ्यांवर आणि हातांवर तशा सवयीचे घट्टे होते. आजच्या शवविच्छेदनाच्या अर्जात ‘ओळखीच्या खुणा’ असा रकाना असतो. काशीराजाने तो अडीचशे वर्षांपूर्वी आमच्यापैकी अनेकांपेक्षा चांगला भरला आहे. जन्मखूण, जुना वण, सवयीचे घट्टे, सगळे आले. दुसऱ्या दिवशी मुंडकेही मिळाले आणि अंत्यसंस्कार झाले. तरीही पुण्यात ते पटले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. पुढे स्वतःला भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे गेली, गड गेले, आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड दिला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटले. खुणा पाहणारे शत्रूच्या छावणीत होते आणि ज्यांना खात्री हवी होती ते पुण्यात. खुणा पुरेशा होत्या. घरच्या माणसाच्या अंगातून आलेला पुरावा नव्हता, आणि तो देण्याची सोय त्या काळी कोणाकडेच नव्हती.

लेस्टरला ती सोय झाली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात थोडा डीएनए असतो, तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. मुलाकडे तो येतो पण पुढे जात नाही. मुलगी तो पुढे नेते. रिचर्डकडे आईचा जो होता तोच त्याची थोरली बहीण अॅन हिच्याकडे होता. अॅनची मुलगी, तिची मुलगी, तिची मुलगी अशी अखंड रेघ आजपर्यंत आली तर त्या रेघेच्या टोकाचा माणूस, नात्याने राजाचा शेकडो वर्षांनंतरचा भाचाच, राजाची ओळख पटवू शकतो. अॅशडाउन-हिलने अशी एक रेघ कॅनडात गेलेल्या एका बाईपर्यंत आणली होती. तिचा मुलगा मायकेल इब्सेन लंडनमध्ये लाकडाचे सामान घडवतो. विद्यापीठाच्या केविन शुरर यांनी दुसरी रेघ स्वतंत्रपणे शोधली, ती वेंडी डल्डिग यांच्यापाशी संपली. टुरी किंग यांनी राजाच्या दातातून आणि मांडीच्या हाडातून डीएनए काढला. साडेसोळा हजारांच्या वर अक्षरांचा तो मजकूर इब्सेनशी अक्षरशः जुळला, डल्डिगशी एका अक्षराचा फरक पडला. आणि तुलनेसाठी घेतलेल्या २६,००० हून अधिक युरोपीय नमुन्यांत तसा मजकूर कोणाचाच सापडला नाही. हे शेवटचे वाक्य सर्वात मोलाचे. जुळले याला तेव्हाच किंमत, जेव्हा सहजासहजी जुळत नाही हे दाखवता येते.

मला यात सर्वात थक्क करते ती बायकांची रेघ. दर पिढीला आडनाव बदलते. वारसाहक्क नाही, म्हणून नोंद नाही. चर्चच्या बारशा-लग्नाच्या वह्या, मृत्युपत्रे, कज्ज्यांचे कागद धुंडाळत तो शोध करावा लागला. आपल्याकडचे कुळवृत्तान्त उघडा. मुलाच्या नावापुढे त्याचा वंश, मुलीच्या नावापुढे ‘सासरचे आडनाव अमुक’, आणि तिथे वाट बंद. आपल्या इतिहासातल्या कोणाची हाडे अशी समोर आली, तर आईकडून आईकडे जाणारी वाट दाखवायला आपल्याजवळ फार थोडे कागद आहेत. माझ्या आईच्या आईची आई कोण, कुठल्या गावची, हे मी घरात विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही.

बापाकडची रेघ मात्र राजघराण्यात उत्तम लिहिलेली होती, आणि ती जुळली नाही. रिचर्डचा पूर्वज असलेल्या तिसऱ्या एडवर्डपासून सरदारकीच्या घराण्यातून आलेले पाच पुरुष तपासले. त्यांचा पुरुषाकडून येणारा वाय गुणसूत्राचा प्रकार राजाच्या प्रकारापेक्षा वेगळा निघाला, आणि त्या पाचांत एक जण उरलेल्या चौघांपेक्षाही निराळा होता. म्हणजे वंशावळीत लिहिलेला बाप कुठेतरी, निदान दोन ठिकाणी, खरा बाप नव्हता. कित्येक पिढ्यांच्या साखळीत असे घडणे अशक्य नाही. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात हा न जुळलेला पुरावा झाकलेला नाही. तो हिशेबात धरून, सुरुवातीला भरपूर शंका ठेवून, जागा सोडून बाकी सगळे पुरावे एकमेकांना गुणून त्यांनी ९९.९९९ टक्क्यांहून अधिक खात्री दाखवली. मुलांना मी हा भाग सावकाश वाचायला लावते. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट स्वतःच लिहून ठेवणारा साक्षीदार कोर्टात कधी पडत नाही.

तारखांकडे पाहा : माहितीपट फेब्रुवारी २०१३ चा, शोधनिबंध डिसेंबर २०१४ चा. पावणेदोन वर्षे. प्रेक्षकाला राजा मिळाला तेव्हा अजून मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा पूर्ण मजकूर वाचला गेलेला नव्हता, वायची तुलनाही जगापुढे आलेली नव्हती. चेहऱ्याचेही तसेच. तेव्हा डंडी विद्यापीठात असलेल्या कॅरोलिन विल्किन्सन यांनी कवटीवरून चेहरा उभा केला, माहितीपटाचा तो एक उत्कर्षबिंदू आहे. कवटी नाकाची, गालाची, हनुवटीची ठेवण सांगते. रंग सांगत नाही. रंग जुन्या चित्रांवरून घेतले होते. पुढे डीएनएने सुचवले की डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के आणि लहानपणी केस सोनेरी असण्याची ७७ टक्के. लोकांच्या मनात बसला तो पहिलाच चेहरा. दूरचित्रवाणीला चेहरा लागतो हे मला समजते, पण मी तो भाग वर्गात सर्वात शेवटी दाखवते.

गोव्यातले एक उदाहरण मी अलीकडे जोडते, कारण तिथे खात्रीची पायरी वेगळी आहे आणि ती तशीच सांगितली गेली. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने छळ होऊन मेली. धर्म सोडायला तिने नकार दिला होता. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत मठातली नेमकी खिडकी सांगितलेली होती. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये पुरातत्त्व खात्याला बाहूचे हाड सापडले आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने ते तपासले. इथे भाचा नव्हता, रेघ नव्हती. मिळाला तो मातृवंशाचा एक गट, यू१बी. भारतातल्या २२,००० नमुन्यांत तो नव्हता; जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांत होता. तिथेच सापडलेली दुसरी दोन हाडे भारतीय मातृवंशांची निघाली. संशोधकांनी म्हटले ते इतकेच की हे हाड राणीचे असावे याला बळ मिळते. २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. मुलांना मी विचारते, लेस्टरचे वाक्य आणि गोव्याचे वाक्य यांत फरक काय? ज्याला तो फरक नीट मांडता येतो त्याला अहवाल लिहिता येईल असे मी मानते.

राजाला २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरले. शवपेटी इब्सेनने स्वतः घडवली होती. त्याच मठाच्या जागेत २०१३ मध्ये आणखी खणले तेव्हा दगडी शवपेटीच्या आत शिशाची पेटी निघाली, त्यात एक वृद्ध स्त्री होती. आणखी काही स्त्रियांचे सांगाडे निघाले. माणसे तीच, विद्यापीठ तेच, उपकरणे तीच. त्यांची नावे मिळाली नाहीत. शिशाची पेटी म्हणजे ती बाई कोणी मोठी असणार, पण तिच्यासाठी कोणी रेघ ओढून ठेवलेली नव्हती. डीएनए हाडातून निघतो. ओळख दोन नमुन्यांमधून निघते, आणि दुसरा नमुना बहुतेकदा जिवंत माणसाकडे असतो.

हे मला माहितीपटाने शिकवले नाही, शवागाराने शिकवले. माहितीपट पाहताना ते लख्ख दिसले एवढेच. आमच्याकडे बेवारस मृतदेह येतात : रेल्वेमार्गावरचे, बसस्थानकावरचे, नदीतले. पंचनामा होतो, फोटो निघतो, ठरावीक मुदत वाट पाहिली जाते, दात किंवा हाडाचा तुकडा डीएनएसाठी राखला जातो आणि अंत्यविधी उरकतो. तो तुकडा बोलायला तयार असतो. त्याच वेळी दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यात एखादी आई मुलगा बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवून गेलेली असते, आणि तिच्या रक्ताचा थेंब कोणी घेतलेला नसतो. राजा आणि त्याचा भाचा यांच्यामध्ये पाचशे वर्षे होती, ती ओलांडली गेली. इथे मायलेकांमध्ये एकाच पिढीचे अंतर आहे आणि मध्ये दोन जिल्ह्यांच्या फायली आहेत. बेपत्ता आणि बेवारस यांच्या डीएनए नोंदी एकत्र ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. त्यातल्या खासगीपणाबाबतच्या शंका खऱ्या होत्या, त्या सोडवायला हव्या होत्या. पण बेपत्तांचा भाग तरी वेगळा काढून पुढे न्यायला हवा होता, हे मी जिथे बोलवतील तिथे सांगते.

एकदा एका शेतातल्या जुन्या विहिरीतून निघालेला सांगाडा आला. तरुण पुरुष, उजव्या गळपट्टीच्या हाडाला मध्यावर भरून आलेली जुनी तूट, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. एवढे मी लिहिले. त्या भागातल्या ठाण्याचे हवालदार हुशार होते. त्यांनी बेपत्तांच्या जुन्या तक्रारी काढल्या आणि घरोघर जाऊन फक्त एकच विचारले, लहानपणी खांदा मोडला होता का? खोटी आशा नको म्हणून हाडांचे नावही काढले नाही. एका घरातली म्हातारी म्हणाली, बैलगाडीवरून पडला होता, वैद्याने बांधला होता. तिला घेऊन ते माझ्याकडे आले. तिने बटव्यातून लग्नातला फोटो काढला, मुलगा त्यात हसत होता आणि दात दिसत होता. “बाई, ह्यो त्योच हाय का?” तिने विचारले. मला माहीत होते असे मला वाटत होते, तरी मी म्हटले, “मावशी, तुमचं रक्त घेऊ, मुंबईहून कागद येऊ द्या, मग सांगते.” ती समजूतदारपणे मान हलवून बसली. कागद यायला बराच काळ गेला. जुळले. तिने तेराव्याचे विचारले, इतक्या वर्षांनी करता येते का म्हणून. ते मला सांगता आले नाही. हवालदारांनी गावच्या गुरुजींना विचारून दिले.

तेव्हापासून पोलिसांच्या प्रशिक्षणाला बोलावले की मी आधी लेस्टरचा थोडा भाग दाखवते आणि मग एक छोटी यादी फळ्यावर लिहिते. बेपत्ताची तक्रार घेताना हसतानाचा फोटो मागा, दात दिसला पाहिजे. मोडलेले हाड, घातलेली सळई, काढलेला दात विचारा. दवाखान्याचे जुने एक्स-रे घरात असतील तर त्याची नोंद करा. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश टाकू देऊ नका. आणि रक्ताचा नमुना त्याच दिवशी घ्या. आई हयात नसेल तर भाऊ-बहीण. तेही नसतील तर मामा, मावशी, मावशीची मुले. चुलत्याने आईकडची रेघ कळत नाही, पण मुलाबाबत वायसाठी तोही चालतो. इथे कोणीतरी वहीतून मान वर करून विचारते, “मावशीचं खरंच चालतं, मॅडम?” मी इब्सेनचा फोटो पुन्हा पडद्यावर आणते आणि राजाच्या बहिणीपासून त्याच्यापर्यंतची रेघ बोटाने दाखवते.